विहीर मचूळ झाली की एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) टेबलावर बॅक्टेरिया जास्त का चिकटतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीजवळ खाडीच्या कडेला मासळी प्रोसेसिंगचं छोटं युनिट, पाणी स्वतःच्या विहिरीचं, टेबलं आणि टाक्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या, हायपोचा (क्लोरीन देणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटचा) डोस बारा महिने तोच, धुणारी माणसंही तीच. गणपतीनंतर जानेवारीपर्यंत स्वॅब (टेबल पुसून घेतलेले नमुने) छान येतात, मार्चपासून बॅक्टेरियाचा काउंट चढायला लागतो आणि मे महिन्यात तर टेबल हाताला बुळबुळीत लागतं. पाण्याचं सॅम्पल मात्र दर वेळी पास. एक टेबल ३१६ ग्रेडचं करून बघितलं, काही फरक नाही. मग आता पीएच बदलायचा का क्लोरीन वाढवायचं?

मी हर्णै ते मालवण या पट्ट्यात पाणी आणि प्लांटच्या साफसफाईचंच काम करतो आणि हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी सरळ उत्तर देऊन टाकतो: पहिलं पाऊल म्हणून दोन्ही नको. तुमचं स्टील तेच आहे, पाणी बदललंय, आणि पाणी बदललं की त्याच स्टीलचा पृष्ठभाग बॅक्टेरियाच्या दृष्टीने वेगळा होतो. त्यामुळे आधी पाण्यात काय काय वाढलंय ते बघायचं, मग धुण्याची पद्धत बदलायची, आणि क्लोरीनचा आकडा सगळ्यात शेवटी.

विहीर मचूळ का होते ते तुम्हाला माहितीच आहे. आपला जांभा खडक पाणी धरत नाही, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडला तरी दिवाळीनंतर पाणी भराभर खाली जातं, आणि किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. याचा जुना हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. उलट्या बाजूने बघा, उपसा करून पातळी थोडीशी जरी उतरवली तरी खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. खाडीकाठच्या विहिरीला उधाणाच्या भरतीचा फटका वेगळाच.

आता यात किती खारं पाणी मिसळतं हे महत्त्वाचं. समजा फक्त पाच टक्के. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे क्लोराइड १९,००० मिलिग्रॅमच्या आसपास, सल्फेट २,७००, मॅग्नेशियम १,३०० च्या जवळ, कॅल्शियम ४००, ब्रोमाइड ६५. याचे पाच टक्के काढा: क्लोराइड ९५०, सल्फेट १३५, मॅग्नेशियम ६५, कॅल्शियम २०, ब्रोमाइड तीनच्या वर. एकूण क्षार (टीडीएस) १,७०० ते १,८०० आणि कडकपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) ३०० च्या पुढे, तुमच्या विहिरीचं मूळ धरलं तर त्याहून थोडा जास्तच. आता आयएस १०५००, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, उघडून बघा. दुसरा स्रोत नसेल तर क्लोराइड १,००० पर्यंत चालतं, टीडीएस २,००० पर्यंत, कडकपणा ६०० पर्यंत, मॅग्नेशियम १०० पर्यंत. सगळं बसतं! म्हणून लॅब तुम्हाला पास म्हणून कागद देते आणि त्यात लॅबचं काहीच चुकत नाही, कारण ते प्रमाण पिण्याच्या पाण्याचं आहे, स्टीलवर काय चिकटेल याचं नाही. पण जानेवारीत हेच पाणी ८०-१०० टीडीएसचं होतं, म्हणजे मीठ पंधरा-वीस पट झालंय, आणि तुमची सगळी गोष्ट या एका फरकाभोवती फिरतेय.

आता चिकटण्याचं शास्त्र. बहुतेक बॅक्टेरियांच्या अंगावर नेहमीच्या पाण्यात ऋण भार असतो. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा जो काही नॅनोमीटरचा पातळ थर असतो, तोही साधारण सात पीएचला ऋणच. दोन्ही ऋण, म्हणजे एकमेकांना ढकलणार. पण ही ढकलाढकल पाण्यातून किती लांबपर्यंत पोचते हे पाण्यातल्या आयनांवर ठरतं, कारण धन आयन त्या भाराभोवती गोळा होऊन त्याला झाकून टाकतात. पावसाळ्यानंतरच्या तुमच्या हलक्या पाण्यात हा ढकलणारा पट्टा आठ-दहा नॅनोमीटर जाडीचा असतो. पाच टक्के समुद्र मिसळला की तो दीड-दोन नॅनोमीटरवर येतो, आणि निव्वळ समुद्राच्या पाण्यात अर्ध्या नॅनोमीटरपेक्षाही कमी. दुसरीकडे जवळच्या वस्तूंना ओढणारं जे आकर्षण असतं ते मिठाने फारसं कमी होत नाही. म्हणजे ढकलणारं बळ आखडलं, ओढणारं तसंच राहिलं, बॅक्टेरिया टेबलाजवळ येऊन थांबू शकतो. हा हिशेब डेर्यागिन आणि लांडाऊ, आणि स्वतंत्रपणे व्हर्वे आणि ओव्हरबीक, यांनी १९४० च्या दशकात कलॉइडसाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांसाठी, मांडला, बॅक्टेरियाला तो नंतर लावला गेला.

अर्थात बॅक्टेरिया म्हणजे काही प्लास्टिकचा गोळा नाही. त्याला शेपट्या असतात, बारीक केस असतात, अंगावर लांब लांब साखरेचे रेणू असतात, आणि हे सगळं त्या पट्ट्यातून आरपार जाऊन धातूला टेकू शकतं. म्हणून हलक्या पाण्यात अजिबात चिकटणार नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, हलक्या पाण्यात फक्त अवघड होतं आणि वेळ लागतो. पण धुण्याच्या कामात आपल्याला तेवढा वेळच तर हवा असतो!

१९७१ मध्ये मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्री बॅक्टेरियांवर काम करून दाखवलं की चिकटणं दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा सुटणारा, बॅक्टेरिया पृष्ठभागाजवळ येऊन नुसता अडकलेला असतो, पाण्याच्या धारेने निघतो, पाण्यातलं मीठ कमी केलं तरी निघतो. दुसरा टप्पा न सुटणारा, तो स्वतःचा चिकट पदार्थ बाहेर टाकून पक्का बसतो. यातला मिठाचा भाग तुमच्या फार कामाचा आहे, खाली त्यावर परत येतो.

आता कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. यांचा भार दुहेरी असल्यामुळे ते सोडियमपेक्षा खूप कमी प्रमाणात तोच परिणाम करतात, आणि वर आणखी एक काम करतात जे सोडियमला जमत नाही: बॅक्टेरियाच्या अंगावरचा एक ऋण गट आणि धातूच्या ऑक्साइडवरचा दुसरा ऋण गट यांच्यामध्ये पूल बांधतात. त्याहून वाईट म्हणजे बायोफिल्मच्या, म्हणजे पृष्ठभागावर जमलेल्या बॅक्टेरियाच्या थराच्या, चिकट पदार्थात अल्जिनेटसारखे जे साखरेचे लांब रेणू असतात त्यांच्या साखळ्या कॅल्शियम एकमेकांना जोडतं, आणि थर घट्ट जेलसारखा होतो. स्यूडोमोनास हा बॅक्टेरिया, जो मासळीच्या युनिटमध्ये ठाण मांडून असतो, त्याच्या काही जाती असलं अल्जिनेट भरपूर बनवतात. मे महिन्यात टेबल बुळबुळीत लागतं ते याच जेलमुळे, आणि नुसत्या हायपोने ते जात नाही याचं कारणही हेच, क्लोरीन वरच्या थरातच खर्च होऊन जातं. शिवाय हायपो स्वतः अल्कलीयुक्त असतं, जड पाण्यात ओतलं की कॅल्शियम कार्बोनेटचा बारीक पांढरा थर बसायला लागतो, तो खरखरीत, आणि त्या खरखरीत जागी बॅक्टेरिया धारेपासून सुरक्षित. म्हणजे डोस वाढवून काही युनिट स्वतःच्या हाताने त्यांना घर बांधून देतात.

मासळीचं प्रोटीन विसरू नका. रिकामं स्टील असं तुमच्या हॉलमध्ये पहिल्या मिनिटानंतर काही उरतच नाही. पाण्यातले सेंद्रिय रेणू, रक्त, चिकटा, सगळं काही मिनिटांत धातूवर पातळ थर करून बसतं आणि बॅक्टेरियाला प्रत्यक्षात त्या थराची गाठ पडते. सगळी प्रोटीनं चिकटणं वाढवतात असं नाही, काही तर कमीही करतात, पण थर बसला की ते अन्न आहे हे नक्की. झोबेल यांनी १९४३ मध्येच लिहून ठेवलंय की अन्न अगदी विरळ असलेल्या पाण्यात घन पृष्ठभागामुळे बॅक्टेरियाचं कार्य वाढतं, कारण विखुरलेलं अन्न तिथे गोळा होतं. म्हणून पाण्याच्या सॅम्पलमध्ये काउंट कमी आणि टेबलावर जास्त यात विसंगती काही नाही. ते पाण्यात नाहीत कारण ते टेबलावर आहेत. पाण्याचा काउंट बघून टेबलाचा अंदाज बांधणं सोडा, स्वॅबच घ्या, दहा बाय दहा सेंटीमीटरचा, आणि सपाट मधल्या भागाऐवजी वेल्डिंगजवळ, टेबलाच्या खालच्या कडेला, ड्रेनच्या तोंडाशी घ्या.

३०४ आणि ३१६ बद्दल. पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, पण अपेक्षा चुकीची होती. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडने खड्डे पडण्यापासून वाचवतं. नवीन पत्र्यावर बॅक्टेरिया चिकटण्यात दोघांत फार फरक नाही, तिथे फिनिशिंग जास्त बोलतं, अन्नाशी संपर्क येणाऱ्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा ०.८ मायक्रॉनच्या आत असावा असं म्हणतात ते बॅक्टेरिया स्वतःच साधारण एक मायक्रॉनचा असतो म्हणून. पण काही हंगामांनंतर फरक दिसेल. साध्या ठोकताळ्याने ३०४ ला क्लोराइड २०० पर्यंत आणि ३१६ ला १,००० पर्यंत धरतात. तुमचं ९५० चं पाणी ३०४ साठी केव्हाच हाताबाहेर गेलंय, आणि रात्रभर हायपोचं पाणी टेबलावर साचून राहत असेल तर आणखीनच. खड्डे पडले की मग कितीही घासा, आतला बॅक्टेरिया आतच. ३१६ साठीसुद्धा ९५० म्हणजे अगदी काठावर.

लोखंडाचा मुद्दा आपल्याकडे वेगळा. जांभ्यातून येणारं पाणी पुष्कळदा थोडं आम्लधर्मी असतं, सातच्या खाली, आणि बोअरमधून विरघळलेलं लोह घेऊन येतं, हवेला आलं की पिवळं-नारिंगी होतं. पाइपात नारिंगी लिबलिबीत थर दिसत असेल तर त्यात गॅलिओनेला, लेप्टोथ्रिक्स असले लोह-बॅक्टेरिया असू शकतात. आता गंमत नाही पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की गंजाचे ऑक्साइड साधारण सात ते नऊ पीएचपर्यंत भाररहित किंवा धनभारित असतात. म्हणजे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजला, त्याचे कण वाहत येऊन स्टीलवर बसले, की त्या ठिपक्यांवर ऋण बॅक्टेरियाला ढकलणारं कुणी उरत नाही, उलट ओढणारं असतं. मी बघितलेल्या बऱ्याच ठिकाणी टेबलावरचे पिवळट डाग आणि वाईट स्वॅब एकाच जागी निघाले. लोह बॅक्टेरियाला लागतंही. २००२ मध्ये स्यूडोमोनासवर झालेल्या कामात लॅक्टोफेरिन या प्रोटीनने लोह पकडून ठेवलं तेव्हा बॅक्टेरिया मेले नाहीत, पण पृष्ठभागावर वस्ती न करता इकडेतिकडे सरकत राहिले. त्यामुळे लोह ०.३ मिलिग्रॅमच्या आत आणा, पाण्याला हवा लावून मग फिल्टर, हे स्वस्त आहे आणि याचा उपयोग मी सगळ्यात लवकर होताना बघितलाय.

आता तुमचा मूळ प्रश्न, पीएच आणि क्लोरीन. साडेसहा ते साडेआठ या टप्प्यात पीएच हलवून स्टीलचा किंवा बॅक्टेरियाचा भार इतका बदलत नाही की चिकटणं थांबेल. पीएच तीन-चारकडे नेला तर भार जवळजवळ संपतो आणि मग उलट जास्त चिकटतात. पीएचचं काम क्लोरीनसाठी. गोड्या पाण्यात सात पीएचला मोकळ्या क्लोरीनपैकी तीन चतुर्थांश हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतं, म्हणजे मारणारं रूप, आठला ते एक चतुर्थांशाच्या आसपास राहतं. मचूळ पाण्यात मात्र खेळ वेगळा. तिथे ब्रोमाइड आलंय, आणि क्लोरीन त्याच्याशी लगेच क्रिया करून हायपोब्रोमस आम्ल बनवतं. ते आठ पीएचलाही चांगलं मारतं, पण सेंद्रिय पदार्थांवर झटकन खर्च होतं, टिकत नाही. क्लोरीन मोजायची डीपीडीची गोळी दोघांना गुलाबीच दाखवते, म्हणून डोस दिल्या दिल्या मोजलेला आकडा बघून निर्धास्त होऊ नका, वीस मिनिटांनी परत मोजा, टेबलावरून ओघळणाऱ्या पाण्यात मोजा. मासळीच्या पाण्यात अमोनिया असतोच, तोही क्लोरीन खातो.

मग करायचं काय? कोरडं खरवडून मासळीचे तुकडे आधी काढा, मग थंड किंवा कोमट पाण्याने धुवा, गरम पाणी आधी मारलं तर प्रोटीन स्टीलवर शिजून बसतं. मग अल्कली डिटर्जंट, पण असा ज्यात कॅल्शियम पकडणारा घटक आहे, ईडीटीए किंवा तत्सम. तो बायोफिल्ममधले कॅल्शियमचे पूल काढून घेतो आणि जेल सैल होतं, तुमच्या उन्हाळ्याच्या पाण्याला ही पायरी सगळ्यात जास्त लागते आणि नेमकी हीच कुणी करत नाही. वेळ द्या, दहा-पंधरा मिनिटं, आणि ब्रशने घासा. नीट धुवा. त्यानंतर हायपो १०० ते २०० पीपीएम, दहा मिनिटं, आणि काढून टाका. आठवड्यातून एकदा सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाने पांढरा थर उतरवा, पण कळकळीने सांगतो, आम्ल आणि हायपो एकाच दिवशी एकाच टेबलावर आणू नका, मध्ये भरपूर पाण्याने धुतलं तरी नको, क्लोरीन वायू सुटतो आणि बंद हॉलमध्ये माणसं पडतात. दोघांचे कॅन वेगळ्या खोलीत, बादल्याही वेगळ्या.

शेवटचं धुणं सगळ्यात कमी क्षाराच्या पाण्याने करा. वर मार्शल यांचा मुद्दा सांगितला तो इथे लागू पडतो: नुसते अडकलेले बॅक्टेरिया मीठ कमी झालं की सुटतात. सगळी साफसफाई विहिरीच्या पाण्याने केली तरी चालेल, पण शेवटचे पाच-दहा लिटर प्रति टेबल छोट्या आरओचं किंवा नळाचं प्यायचं पाणी वापरा. मासळीतून पोट बिघडवणाऱ्या व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या समुद्री बॅक्टेरियासाठी तर हे दुहेरी कामाचं, त्याला जगायला मीठ लागतं, गोड्या पाण्यात तो फुटतो. लिस्टेरिया या दुसऱ्या रोगकारक बॅक्टेरियाला मात्र याने काही होत नाही, तो मिठातही राहतो, गोड्यातही, आणि चार अंशाच्या थंडीतही वाढतो, शिवाय थंड हॉलच्या तापमानाला त्याला शेपट्या असतात ज्या ३७ अंशाला तो बनवत नाही. त्याच्यासाठी एकच, टेबल निथळू द्या आणि कोरडं होऊ द्या. रात्री ओलं टेबल झाकून ठेवायची पद्धत बंद करा.

पहिल्या पावसाबद्दलही सांगून ठेवतो, कारण जूनमध्ये तुम्ही म्हणाल पाणी गोडं झालं तरी स्वॅब वाईटच. जूनचं पाणी क्षाराने हलकं असतं पण पालापाचोळ्याचा काढा, माती आणि लोह घेऊन येतं, क्लोरीन तिथे संपतं. गाळण आणि तुरटी नीट होईपर्यंत विहिरीचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नका.

ज्यांच्याकडे थेट समुद्राचं किंवा खाडीचं पाणी पंपाने येतं त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथे नैसर्गिक बायोफिल्म बसली की स्टेनलेस स्टीलचं विद्युत विभव काही आठवड्यांत बरंच वर चढतं आणि फटींमध्ये गंज सुरू व्हायची शक्यता वाढते, म्हणून फ्लँजखाली (पाइपांच्या बोल्टच्या जोडाखाली) आधी बघा. ९०-१० तांबे-निकेलच्या पाइपांवर थर कमी बसतो कारण तांबं बॅक्टेरियाला विषारी आहे, टायटॅनियम गंजत नाही पण त्यावर बॅक्टेरिया मजेत बसतात. आणि थर जाड झाला की खाली ऑक्सिजन संपतो, सल्फेट तर समुद्रात भरपूर, मग ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरणारे डिसल्फोव्हिब्रिओ बॅक्टेरिया येतात, पंप उघडल्यावर काळा गाळ आणि सडक्या अंड्याचा वास येतो तो त्यांचा.

तुमच्यासाठी आता पहिलं काम: पाण्यातल्या क्षाराचा अंदाज देणारा एक साधा कंडक्टिव्हिटी मीटर घ्या आणि विहिरीचं पाणी रोज मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, सोबत तिथी असतेच, उधाण आणि भांग (अष्टमीच्या आसपासची छोटी भरती) दोन्ही कळतील. लॅबला पाठवताना अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीनंतरचं एक आणि अष्टमीच्या आसपासचं एक अशी दोन सॅम्पल पाठवा, आणि नुसतं पास-नापास न मागता क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, अमोनिया आणि पीएच यांचे आकडे मागा. उपसा एकदम न करता थोडा थोडा करा, उधाणाच्या दिवसांत टाकी आधीच भरून ठेवा. हे आकडे आणि त्याच दिवसांचे स्वॅब शेजारी शेजारी ठेवून पाठवलेत तर डिटर्जंट कुठला आणि आरओ केवढा हे नक्की सांगता येईल.